हरभऱ्याच्या शेंड्याला उलट्या लटकलेल्या काळ्या इल्ल्या (अळ्या)

सांवेरजवळ आमचा चार बिघे हरभरा आहे. आम्ही राहतो इंदुरात, रामबागेत, त्यामुळे शेताकडे जाणं बहुधा रविवारीच. काल पाहिलं तर बऱ्याच झाडांच्या अगदी टोकाला इल्ल्या मागच्या पायांनी उलट्या लोंबकळत होत्या. एकीला काडीने टोचलं तर कातडी फाटून आतून तपकिरी पाणी गळलं, वास असा की चहा जाईना. आम्ही काहीच फवारलेलं नाही. शेजाऱ्याचं औषध वाऱ्याने आलं असेल का? मुलांनी तिथलेच ओले घाटे सोलून खाल्लेत म्हणून जीव खालीवर होतोय.

— पाला पडला असेल, म्हणजे दव गोठलं असेल. परवा थंडी होतीच की.

— पाल्याने मेली तर शेंड्यावर कशाला चढेल? ताई, ही घाटेअळी आणि तिला लागलाय एनपीव्ही नावाचा विषाणू. पानासोबत पोटात जातो. तिथे अल्कली असतं, त्यात त्याचं प्रथिनाचं कवच विरघळतं आणि आठवड्याभरात अळीचं आतून पाणी होतं. मरायच्या आधी ती वर चढते. वरून गळलेलं खालच्या पानांवर पडतं आणि ती पानं खाणाऱ्या अळ्यांना लागण होते. माणसाला किंवा मधमाशीला तो लागत नाही. मुलांचं काही बिघडणार नाही, घाटे मात्र धुऊन द्या.

मी तर म्हणेन, फुकटचं औषध आलंय दारात! बाजारात हाच विकत मिळतो. हेक्टरी 250 एलई, म्हणजे पूर्ण वाढलेल्या अडीचशे रोगट अळ्यांमधला विषाणू. लटकलेल्या अळ्या पाण्यात कुस्करून फडक्याने गाळा, थोडा गूळ आणि कपड्यांची नीळ घाला. उन्हाने विषाणू मरतो, म्हणून फवारणी संध्याकाळीच. बारीक अळ्यांवर काम चांगलं होतं, बोटाएवढ्या झाल्या की मरेपर्यंत घाटे पोखरून मोकळ्या. आणि सोयाबीनवरच्या तंबाखूच्या अळीसाठी हे पाणी ठेवू नका, तिचा विषाणू वेगळा.

— दादा, खूप आभार. शेजाऱ्याला उगाच बोलले असते. आज साठेक वेचल्या, लोणच्याच्या जुन्या बरणीत आहेत. फवारणी पुढच्या रविवारी; तोवर कुठे ठेवू?

— थंड आणि अंधारात. फ्रीज उत्तम.

— सासूबाईंनी बरणी बघितलीये. फ्रीज विसरा, दुसरी जागा सांगा.