नाताळात रॅपलिंग, आणि कड्यावर गिधाडं: किती लांब राहायचं?

कडेकपारी_इंदूर
मंडळी, नमस्कार. नाताळच्या सुट्टीत मुलांचं दोन दिवसांचं शिबिर महूच्या पलीकडे घाटात घ्यायचं चाललंय. रॅपलिंगसाठी, म्हणजे दोराने कडा उतरायला, साधारण 40 मीटरचा कडा हेरून ठेवलाय. कड्याच्या मधोमध पांढरे ओघळ आहेत, कपारीत एक-दोन मोठी पाखरं दिसली. गाववाले म्हणतात गिधाडं. दोर शंभर फूट बाजूला बांधला तर चालेल ना? पावसाळ्यात तिथल्या धबधब्यावर तोबा गर्दी असते, तेव्हा तर पाखरांचं काही बिघडत नाही.

माळवा_पाखरं
नाही चालणार. पावसाळ्याचा दाखला इथे लागूच पडत नाही. कड्यावर घरटं करणारं लांब चोचीचं गिधाड पावसाळा सरल्यावर, साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत अंडं घालतं. वर्षाला एकच. उबवायला सुमारे 50 दिवस, मग पिल्लू उडेपर्यंत आणखी तीन-चार महिने. म्हणजे नोव्हेंबर ते मे कडा नांदता. जुलै-ऑगस्टात गर्दी लोटते तेव्हा घरटी रिकामी असतात. तुमचं शिबिर मात्र ऐन उबवणीत येतंय. हिवाळी शिबिरांचा हाच घोळ आहे: आपल्याला जे दिवस सोयीचे, तेच गिधाडांचे वीण हंगामाचे.

आणि शंभर फूट म्हणजे काहीच नाही. खालून जाणाऱ्या माणसाकडे गिधाड एक वेळ दुर्लक्ष करील, पण कड्याच्या माथ्यावर, त्याच्या डोक्यावर माणूस दिसला की ते उठतंच. घरटं म्हणजे उथळ कपारीत रचलेल्या काटक्या. पाखरू दचकून उडालं तर अंडं पायाने ढकललं जाऊ शकतं. नाही गेलं तरी माळव्यातल्या डिसेंबरच्या पहाटे उघडं अंडं गारठतं, आणि कावळे टपलेले असतातच. त्या जोडीचं वर्ष गेलं. दुसरं अंडं बहुधा होत नाही.

दोर_आणि_गाठ
आधी ओघळ कसले आहेत ते तरी पाहा. कातळातून चुना पाझरला तरी पांढरे पट्टे दिसतात. पाझर फटीतून निघून एकसारखा खाली जातो. विष्ठेचा पट्टा एखाद्या कंगोऱ्याच्या काठापासून सुरू होतो, वर कातळ कोरा असतो. पावसात जुने ओघळ बरेच धुऊन जातात, म्हणून दिवाळीनंतर ताजे पट्टे दिसले तर कपार यंदा वापरात आहे असं धरा.

कडेकपारी_इंदूर
कंगोऱ्यापासूनच आहेत. पण सकाळी 11 च्या सुमाराला पुन्हा पाहिलं तर एकही पाखरू नव्हतं.

माळवा_पाखरं
11 ला नसणारच, दादा. ऊन तापून हवा वर उठू लागली की बाकीची चरायला जातात. उबवणारं मात्र घरट्यात चपटं बसलेलं असतं, खालून फक्त डोकं दिसतं, तेही दिसलं तर. जोडीदाराशी पाळी बदलायला कित्येक तास लागतात, तेव्हा पंधरा मिनिटं दुर्बीण लावून "कडा रिकामा" म्हणायचं नाही. दरीच्या समोरच्या बाजूला, निदान अर्धा किलोमीटरवर, झाडाच्या सावलीत तीन-चार तास बसा. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची लांबचं दाखवणारी दुर्बीण) असेल तर उत्तमच. कड्याचा एक फोटो छापून न्या, प्रत्येक कपारीला नंबर द्या, कुठे पाखरू बसलंय त्याची खूण करा. मग दोन-तीन आठवड्यांनी एकदाच. रोज जाऊन बघणं हाही उपद्रवच.

पाहताना दोन-चार पाखरांनी एकदम माना ताणून तुमच्याकडे वळवल्या, तर तुम्ही जास्त जवळ आहात. घरट्यावरचं उभं राहिलं तर आल्या वाटेने मागे फिरा, फोटोसाठी थांबू नका. ड्रोनचा तर विचारही नको.

फॉरेस्टवाली_ताई
कायद्याचं कुणी बोललं नाही म्हणून सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं. लांब चोचीचं गिधाड अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, शिक्षा 3 ते 7 वर्षं. "आम्ही फक्त दोर टाकला" हे ऐकून घेतलं जाईलच असं नाही.

वनखात्याशी बोलून माथ्याची पायवाट कड्याच्या 200 मीटर आधीच काटेरी कुंपणाने बंद करता येते. फलकावर "गिधाडांची घरटी" असं लिहू नका, लोक मुद्दाम बघायला जातात. "कडा ठिसूळ, दगड निसटतात" एवढं पुरे. जवळ देऊळ असेल तर भोंग्याचं तोंड दरीकडून गावाकडे फिरवायला पुजाऱ्यांना सांगा. आग्या मोहोळ काढणाऱ्यांनाही हंगामाआधी भेटा: धूर आणि दोर दोन्ही तेच आणतात. आणि कड्याचं नाव इथे लिहू नका.

दोर_आणि_गाठ
याला जोड: पांढरी गिधाडंही, म्हणजे ती पिवळ्या तोंडाची लहान, त्याच कड्यावर असतील तर मेनंतरही कडा मोकळा समजू नका. ती उशिरा, फेब्रुवारीनंतर बसतात, पिल्लं जुलैपर्यंत रेंगाळतात. तिथे रॅपलिंग ऑगस्ट ते ऑक्टोबर, आणि तेव्हा कातळ निसरडा. खरं सांगायचं तर दुसरा कडा शोधा.

पशुवैद्य_महू
एप्रिल-मेमध्ये जास्त जपा. पिल्लू पिसांनी भरलेलं दिसतं पण पंखात बळ नसतं. दचकलं की कपारीतून उडी मारतं आणि खाली पडतं. असं पिल्लू सापडलं तर पाणी पाजू नका, चोचीतून श्वासनलिकेत जातं. पोत्यात कोंबू नका. जाड चादर टाकून डोकं झाका, भोकं पाडलेल्या मोठ्या खोक्यात, अंधारात आणि सावलीत ठेवा, वनखात्याला फोन करा. ते ओकलं तर घाबरू नका, त्याचा बचावच तसा असतो.

आजूबाजूच्या गोठ्यांत, गोशाळेत सुजेवर कोणतं इंजेक्शन देतात तेही विचारा, कारण काही औषधं टोचलेलं जनावर मेल्यावर गिधाडांनी खाल्लं तर तीही मरतात. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी 2006 पासून बंद आहे, किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक 2023 पासून. मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक ॲसिड चालतं. माणसांचं डायक्लोफिनॅक गाईला टोचू नये म्हणून मोठ्या बाटल्या बंद करून 3 मिलीचीच कुपी ठेवली, तरी दोन-चार कुप्या एकत्र करून देणारे भेटतात. त्यांना मेलॉक्सिकॅमचं नाव कागदावर लिहून द्या.