मुंबईच्या क्लबने देशाची फुटबॉल लीग पहिल्यांदा कधी जिंकली? 2006 की 2021?

निळी_जर्सी:
मी 2014 ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाली तेव्हापासून फुटबॉल बघतोय, मुंबई सिटीचा पक्का फॅन. परवा एका सीनियरशी वाद झाला. मी म्हटलं देशाची लीग मुंबईत पहिल्यांदा आली ती 2021 ला, तर ते म्हणाले महिंद्रा कंपनीच्या संघाने 2006 लाच आणली होती, 2014 च्या आधीचं सगळं तुम्ही लोकांनी पुसूनच टाकलंय. मला खरंच नीट समजून घ्यायचंय. आयएसएलच्या आधी जे होतं ती पण हीच लीग धरायची का वेगळी स्पर्धा? आणि कोलकात्याचे मोहन बागानवाले स्वतःची सात टायटलं सांगतात, ती कुठून आली? आणि आयएसएलची शील्ड मोजायची का कप?

कूपरेज_ईस्ट_स्टँड:
तुमचे सीनियर बरोबर आहेत. आपल्याकडे फार वर्षं सगळं कपवरच चालायचं, ड्युरंड, रोव्हर्स, आयएफए शील्ड, आणि लीग म्हणजे कोलकात्याची, गोव्याची, मुंबईची आपापली. अख्ख्या देशाची घरच्या-बाहेरच्या मॅचेसची लीग आली 1996 ला, तिचं नाव नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजे एनएफएल. पहिलं टायटल कोलकात्याच्या बागानला नाही की ईस्ट बंगालला नाही, पंजाबातल्या फगवाड्याच्या जेसीटीला गेलं, बायचुंग भुतिया तेव्हा त्यांच्याकडून खेळायचा. मग 2005-06 ला महिंद्रा युनायटेड, कोच डेरिक परेरा, पुढच्या फळीत ब्राझीलचा बारेटो, आणि ईस्ट बंगाल दुसरे. कोलकाता आणि गोव्याच्या मोठ्या क्लबांना मागे टाकून मुंबईचा कंपनीचा संघ देशात पहिला आला होता राव, आणि आज मुंबईतच कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही याचं फार वाईट वाटतं. 2010 ला कंपनीने संघच बंद केला, पुढच्या वर्षी जेसीटीही गेली. क्लब राहिला नाही की त्याचं टायटल लक्षात ठेवणारंही कुणी राहत नाही, पण म्हणून ते टायटल खोटं होत नाही. माझं उत्तर 2006.

मांडवीपार:
वरच्यांना पूर्ण अनुमोदन, फक्त गोव्याचं सांगायचं राहिलं. 2007 ला एनएफएलची आय-लीग झाली, नाव आणि फॉरमॅट बदलला पण क्लब तेच, त्यामुळे दोन्ही मिळून मोजतात. डेम्पोची पाच आहेत, 2004-05 आणि 2006-07 ची एनएफएल, नंतर 2007-08, 2009-10, 2011-12 ची आय-लीग, आणि पाचही वेळा कोच एकच, आर्मांडो कोलासो. असा क्लब 2016 ला साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवाबरोबर आय-लीगमधून बाहेर पडला, कारण आयएसएलला वरची लीग करायचं ठरत होतं आणि यांना खालच्या पायरीवर बसवणार होते, प्रमोशनचा रस्ताही नव्हता. 2014 ते 2016 तर आयएसएल दोन-अडीच महिन्यांत उरकायची आणि तीच पोरं नंतर जाऊन आय-लीग खेळायची. त्या वर्षांत आयएसएल जिंकणाऱ्याला देशाचा लीग चॅम्पियन म्हणणं मला पटत नाही, खरी लीग तेव्हा आय-लीगच होती.

आणि त्याच गोंधळात मिझोरामच्या आयझॉल क्लबची कमाल घडली. मागच्या सीझनला ते रेलिगेट झाले होते, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकलले गेले होते, गोव्याचे क्लब निघून गेले म्हणून परत घेतले. 30 एप्रिल 2017, शिलाँगमध्ये शेवटची मॅच, एक ड्रॉ पुरे होता. समोरच्या शिलाँग लाजाँगने नवव्याच मिनिटाला गोल केला आणि मग तासभर नुसती घालमेल, 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली आणि मिझोरामचा क्लब एका पॉइंटने बागानच्या पुढे राहून भारताचा चॅम्पियन झाला. कोच कोण, तर मुंबई एफसीला कितीतरी वर्षं सांभाळलेला आपला खालिद जमील.

लीग_टेबल_वाचणारा:
शील्ड-कपचं सांगतो. शील्ड म्हणजे लीग स्टेजला टेबलमध्ये पहिला आलेला संघ, ती 2019-20 पासून द्यायला लागले, पहिली एफसी गोवाला, त्यावरच ते 2021 ला एशियन चॅम्पियन्स लीगच्या ग्रुपमध्ये खेळणारा पहिला भारतीय क्लब झाले. कप म्हणजे त्यानंतरच्या प्लेऑफची फायनल. लीगचा हिशोब करायचा तर शील्डच धरायला हवी, वर्षभर खेळून जे मिळतं ते एका रात्रीच्या फायनलने ठरू नये. बागानची सात अशीच येतात, एनएफएल तीन, आय-लीग दोन, शील्ड दोन (2023-24 आणि 2024-25). ईस्ट बंगालची तिन्ही एनएफएलची, आय-लीग त्यांना कधीच मिळाली नाही.

मुंबईची याप्रमाणे तीन होतात, महिंद्राचं एक आणि सिटीच्या दोन शील्ड, 2020-21 आणि 2022-23. त्यातली पहिली आठवून बघा, शेवटच्या मॅचला बागान तीन पॉइंट पुढे, सिटीने त्यांना 2-0 हरवलं, दोघांचे 40-40 झाले आणि आपसातल्या दोन्ही मॅचेस सिटीने जिंकल्या म्हणून शील्ड आली. मला ती मॅच सिटीच्या बिपिनच्या नव्वदाव्या मिनिटाच्या गोलवाल्या त्याच सीझनच्या कप फायनलपेक्षा मोठी वाटते.

निळी_जर्सी:
बिपिनचा गोल मी कधीच खाली ठेवणार नाही हां, पण शील्डचं पटलं. म्हणजे शहराचं पहिलं 2006 आणि सिटीचं पहिलं 2021. एकच शंका, नंतर तरी आय-लीग जिंकून वर आयएसएलमध्ये येता यायला लागलं ना?

मांडवीपार:
हो, 2022-23 ची जिंकून पंजाब एफसी वर आले, पुढच्या वर्षी कोलकात्याचे मोहम्मेडन. 2024-25 ला डेम्पोसुद्धा परत आय-लीगमध्ये आले, मी त्यांचीच वाट बघतोय.