'सद्गुणी स्त्री' : मूळ शब्द काय?

वसईकर
मावसबहिणीच्या चर्चमधल्या लग्नाच्या मिस्सात (प्रार्थनाविधीत) पहिलं वाचन माझ्याकडे आलंय. बायबलातल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचा अध्याय 31, वचन 10 पासून. मराठीत सुरुवात 'सद्गुणी स्त्री' अशी आहे. पुढे मात्र ही बाई शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं करून विकते, व्यापाऱ्याला कमरपट्टे पुरवते. नवरा वेशीत वडीलधाऱ्यांबरोबर बसलेला. 'सद्गुणी' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे खाली मान घातलेली बाई येते. हिब्रूत नेमकं काय आहे?

जुनी पोथी
'एशेत खाइल'. एशेत म्हणजे स्त्री. खाइल म्हणजे बळ, त्यावरून सैन्य आणि संपत्तीही. बायबलातल्याच निर्गम या पुस्तकात इस्राएलांच्या पाठीवर येणारं फारोचं सैन्य ते खाइलच. शास्ते या पुस्तकात 6:12 मध्ये देवदूत गिदोनाला 'गिब्बोर हे-खाइल' म्हणतो, तिथे त्याचा 'वीर' करायला कुणी कचरत नाही.

खरी गंमत रूथच्या पुस्तकात आहे. 2:1 मध्ये बवाजाची ओळख 'गिब्बोर खाइल', आणि 3:11 मध्ये तोच बवाज रूथला 'एशेत खाइल' म्हणतो. रूथ परकी, मवाबी, विधवा, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी. तिला तो आपल्या तोडीचा शब्द देतो. भाषांतरात तो मातब्बर होतो, ती सद्गुणी, आणि जोडी फुटते. लेनिनग्राड पोथीत, म्हणजे हिब्रू बायबलाच्या एका जुन्या हस्तलिखितात तर नीतिसूत्रे संपली की लगेच रूथ लागतं.

जुन्या भाषांतरकारांनी बळ राखलं होतं. ग्रीकमध्ये 'आंद्रेइआ', म्हणजे धैर्याची. लॅटिनमध्ये 'फोर्टिस', बळकट. 1611 च्या इंग्रजी बायबलात 'व्हर्च्युअस' आहे. त्याचं मूळ लॅटिन 'विर्तुस' म्हणजे पराक्रम. पुढे त्या शब्दातला पराक्रम ओसरला, शील तेवढं उरलं.

अश्दोदहून
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, घरी अजून मराठी. इथे इस्रायलात सैनिक म्हणजे 'खयाल', वायुदल म्हणजे 'खेल हा-अवीर'. त्यामुळे कानाला तो शब्द लष्करीच लागतो. पुष्कळ घरांत शुक्रवारी रात्री जेवणाआधी हीच वचनं म्हणतात. 22 वचनं, अलेफपासून तावपर्यंत हिब्रू अक्षरानुक्रमे.

भाकरतुकडा
'वीरांगना' मात्र करू नका, लगेच घोडा आणि तलवार येते. आणि अध्यायाचं पहिलं वचन वाचा: लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेला हा उपदेश. म्हणजे सुनेबद्दलच्या राजमातेच्या अपेक्षा! वचन 15 मध्ये घरात दासी आहेत. तेव्हा हे मोजमाप डोंबिवली लोकल पकडणाऱ्या बाईला लावू नये. पण त्या काळी घर हेच कारखाना होतं, सूत-माग बाईच्या हाती, हेही खरं.

जुनी पोथी
मान्य. माझं मत 'कर्ती'ला. 'घरातला कर्ता पुरुष' आपण म्हणतोच, त्यात बळही आलं, पैसाही आला. 'कर्तबगार'ही चालेल, पण त्याला सत्कार समारंभाचा वास येतो. वचन 17 ला तर मराठीत आयतं 'कंबर कसते' आहे.

वसईकर
फादर म्हणाले, छापील वाचन बदलायचं नाही. आधी दोन वाक्यं बोलायला हरकत नाही. 'कर्ती' तिथे घालतो. वचन 11 मध्ये नवऱ्याला 'लाभ' होतो, तो तरी साधा आहे ना?

जुनी पोथी
नाही हो. तो 'शालाल', लढाईतली लूट. 'त्याला लुटीची वाण पडत नाही.' आणि 15 मध्ये ती घरच्यांना जे अन्न देते ते 'तेरेफ', सिंहाने आणलेल्या शिकारीचा शब्द.

भाकरतुकडा
लग्नात 'लूट' म्हणालात तर मागच्या बाकांवर हशा पिकेल.

वसईकर
पिकू दे. नवरी सीए आहे.