२ टीबीची हार्ड डिस्क: एनटीएफएस ठेवू की एक्सफॅट करू?

भारुडवेडा:
गावच्या जत्रेतली भारुडं आणि आमच्या भजनी मंडळाचे कार्यक्रम मी शूट करतो. एकेक फाइल १०-१२ जीबीची. माझा लॅपटॉप विंडोजचा, एडिटिंग मात्र मावसभाऊ पुण्यात मॅकबुकवर करतो. नवी डिस्क एनटीएफएस आहे, म्हणजे फाइली साठवायची विंडोजची पद्धत. त्याला फाइली दिसतात, उतरवूनही घेता येतात, पण तयार व्हिडिओ परत त्याच डिस्कवर टाकता येत नाही. फॅट३२ या जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हमध्ये जागा असूनही मोठी फाइल जात नाही. काय करू? मंडळातले दोन बुवा आता हयात नाहीत, त्यांचा आवाज एवढाच उरलाय.

सुटसुटीत:
एक्सफॅट करा. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, जागा कितीही असो. मॅक एनटीएफएस नुसतं वाचतो, लिहीत नाही. एक्सफॅट ही पद्धत विंडोज आणि मॅक दोन्हींना वाचता-लिहिता येते, म्हणून दोघांचंही काम होतं. भाऊ एपीएफएस, म्हणजे मॅकची स्वतःची पद्धत, सुचवेल, ते नको, तुमच्या विंडोजला ती डिस्क वाचताच येणार नाही. फॉरमॅट केलं की सगळं पुसलं जातं, आधी फाइली दुसरीकडे काढा.

जपूनठेवा:
ने-आणीसाठी एक्सफॅट ठीक. पण दादा, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहितोय. एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद, नसतं. एनटीएफएस फाइलींच्या मांडणीत काय बदलणार याची आधी नोंद करतं, मध्येच वीज गेली तर त्या नोंदीवरून मांडणी सावरतं. एक्सफॅटला तो आधार नाही. कॉपी चालू असताना केबल निघाली तर अख्खा फोल्डर उघडेनासा होऊ शकतो. म्हणून बुवांचं मूळ शूटिंग घरी वेगळ्या एनटीएफएस डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क पुण्याला पाठवूच नका. तीही कधीतरी बिघडणारच, तेव्हा आणखी एक प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी हवी. भावाला बजावून सांगा, इजेक्ट केल्याशिवाय केबल काढायची नाही.

भारुडवेडा:
दुसरी डिस्क या आठवड्यातच घेतो. मंडळाच्या टीव्हीवर एक्सफॅट चालेल का? टीव्ही जुना आहे.

सुटसुटीत:
बरेच जुने टीव्ही एक्सफॅट ओळखत नाहीत. तुमचा तो फॅट३२ पेनड्राइव्ह टीव्हीसाठीच ठेवा. भावाला प्रत्येक व्हिडिओ ४ जीबीच्या आत एक्स्पोर्ट करायला सांगा, एमपी४ फाइल, एच.२६४ कॉम्प्रेशनमध्ये. तासाभराचं भजन त्यात छान बसतं.