पगार गुणून बघा आणि निघा? परदेशातल्या नोकरीचा निर्णय असा होत नाही

वळणवाट:
परवा इथे ‘झेप’ यांनी लिहिलं होतं की बाहेरची ऑफर आली की पगाराला विनिमय दराने गुणायचं, सही करायची आणि निघायचं. महिनाभर विचार करत बसणारे भित्रे असतात, ते शेवटी जातच नाहीत. खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी दोन देशांत नोकरी केली आहे. जाऊ नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. पण पगार हा ऑफर लेटरमधला सगळ्यात सोपा आकडा आहे. आधी हे बघा की तुमची कंपनी तुम्हाला तिकडे पाठवते आहे की तिकडची कंपनी तुम्हाला घेते आहे. डेप्युटेशनवर गेलात तर बहुधा मूळ नोकरी शाबूत राहते. घरभाडं, मुलांची फी, वर्षाकाठी घरी यायचं तिकीट, कधी कधी कराचा फरकसुद्धा कंपनी उचलते. स्थानिक करारावर गेलात तर यातलं काहीच गृहीत धरू नका. पगार तोच दिसतो, पण दोन्ही नोकऱ्यांचं वजन एक नाही.

दुसरं म्हणजे व्हिसा कोणाच्या जिवावर आहे? अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. ब्रिटनमध्ये प्रायोजक कंपनी सुटली की साधारण तेवढीच मुदत. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची, नव्या मालकाने अर्ज भरायचा, आणि जमलं नाही तर भाडेकरार मोडायचा, गाडी मिळेल त्या भावात विकायची, मुलांना वर्षाच्या मध्येच शाळेतून काढायचं. शेजारच्या घरात हे होताना मी पाहिलं आहे. त्या माणसाचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त होता.

आणि पगारातून पेन्शनसाठी होणाऱ्या कपातीचं काय? अमेरिकेत निवृत्तिवेतनाचा हक्क लागायला ४० क्रेडिट्स, म्हणजे निदान १० वर्षांची नोकरी लागते. जर्मनीत ६० महिने. दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार, म्हणजे एकीकडची नोकरीची वर्षं दुसरीकडे धरायची सोय, नसेल तर चार वर्षांत परतणाऱ्याने भरलेले पैसे गेले कुठे, हे सही करायच्या आधी विचारायचं असतं.

झेप:
तो प्रतिसाद माझाच, आणि आजही तेच म्हणेन. एवढं सगळं वाचत बसलो असतो तर मी आजही त्याच खुर्चीत, त्याच साहेबाच्या हाताखाली असतो. अमेरिकेचा नियम सगळ्या जगाला लावू नका. मी जर्मनीत गेलो तो स्थानिक करारावरच. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यावर, बी१ म्हणजे मध्यम पातळीची जर्मन भाषा आली तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळतो, भाषा कच्ची असली तरी २७ महिन्यांत. मग कुठली टांगती तलवार? आणि तुम्ही फक्त तोट्याचंच लिहिलंत. मला तिथे पहिल्यांदा असं काम मिळालं की ज्यात माझं मत विचारलं जायचं. त्याची किंमत कुठल्या रकान्यात मांडणार?

हिशेबनीस:
झेप, ‘गुणून बघा’ हे तुमचं वाक्य आखातात गेलेल्या माणसाला सांगून बघा. ‘करमुक्त पगार’ या दोन शब्दांनी जितकी माणसं फसली तितकी कशाने फसली नसतील. अमिरातीत नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते ती पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा पगार आणि पुढे ३० दिवसांचा. पण कुठला पगार? मूळ पगार. माझ्या करारात मूळ पगार निम्म्याहूनही कमी होता, बाकी सगळे भत्ते. हातात रक्कम पडली तेव्हा मी ती तीनदा मोजली.

सौदीत २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितामागे महिन्याला १०० रियाल शुल्क सुरू झालं आणि दर वर्षी वाढत २०२० मध्ये ४०० वर गेलं. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला १२०० रियाल, तेही वर्षाचे एकरकमी. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी तेव्हा कुटुंबं परत पाठवली आणि स्वतः खोलीत तिघं-चौघं राहायला लागले. ओमानने २०२८ पासून मोठ्या उत्पन्नावर आयकर जाहीर केला आहे. करमुक्त हा काही कायमचा वायदा नसतो.

रातराणी:
एवढं वाचलं आणि एक गोष्ट खटकली. सगळीकडे ‘तुम्ही’ म्हणजे ज्याला ऑफर आली तो. बरोबर जाणारीचं काय? ती काय सामानाबरोबर जाते?

मी एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, अमेरिकेत होते. २०१५ पर्यंत त्या व्हिसावर कोणालाच काम करता येत नव्हतं. नंतर परवानगी आली तीही सरसकट नाही. मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराचा ग्रीन कार्डचा आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे त्यांनाच. मी आर्किटेक्ट. लग्नाआधी साइटवर माझ्या सहीशिवाय बिल पुढे सरकत नसे. तिथे गेल्यावर फोनच्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने सोशल सिक्युरिटी नंबर विचारला. तो नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे बघायचंच सोडलं आणि पुढचं सगळं नवऱ्याशी बोलला. माझाच फोन, माझ्याच हातात, आणि जोडणी त्याच्या नावावर. अशी वर्षं काढली मी. पगार मात्र गुणून बघितला होता, छान दिसत होता.

झेप:
ताई, वाईट वाटलं, पण हा प्रश्न तुमच्या घरातल्या निर्णयाचा आहे, परदेशाचा नाही. जर्मनीत जोडीदाराला कामाची मुभा असते. देश चुकीचा निवडलात.

रातराणी:
घरातला? नियम एका देशाच्या सरकारने केला, ऑफर एका कंपनीने दिली, त्या कंपनीच्या माणसाने जोडीदाराच्या कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि प्रश्न माझ्या घरातला? आणि मुभा असली म्हणजे नोकरी असते का? वकील, शिक्षक, नर्स, दंतवैद्य यांना परवाना हातात असून तिथली मान्यता मिळवायची असते, तिथल्या भाषेत. तुम्ही इंग्रजीत चालणाऱ्या ऑफिसात गेलात म्हणून तुम्हाला सगळ्या वाटा मोकळ्या दिसतात. तुमच्या सौ. तिथे काय करत होत्या, हे विचारलं तर चालेल का?

झेप:
व्यक्तिगत होऊ नका.

रातराणी:
माझ्या घरातला प्रश्न तुम्ही काढलात. मी फक्त उलटा विचारला.

मागेमागे:
मी नवरा, आणि बायकोच्या नोकरीपाठी सिंगापूरला गेलो. आधी डिपेंडंट पासवाल्यांना, म्हणजे नोकरीवर आलेल्याच्या कुटुंबीयांना, कंपनीच्या साध्या संमतिपत्रावर काम करता यायचं. १ मे २०२१ पासून नियम बदलला, नोकरदाराला स्वतःचा वर्क पास काढावा लागतो. मी तेव्हा एका छोट्या कंपनीत होतो. त्यांनी सरळ सांगितलं, आमच्याने होणार नाही.

रातराणी, तुमचं बरंचसं पटतं, पण सगळं नाही. त्या काळात मुलीच्या जितका जवळ आलो तितका एरवी कधीच आलो नसतो. त्याचबरोबर हेही खरं की कुठेही ओळख करून देताना ‘आणि तुम्ही काय करता?’ या प्रश्नाला मी घाबरायला लागलो होतो. परत आल्यावर मुलाखतीत त्या रिकाम्या काळाबद्दल मला जितकं खोदून विचारलं तितकं माझ्या कामाबद्दल कोणी विचारलं नाही. राग नियमांवर काढा, कंपन्यांवर काढा. बरोबर नेणाऱ्या जोडीदाराला खलनायक करू नका.

रातराणी:
खलनायक म्हटलं नाही मी. त्याने विचारायला हवं होतं, एवढंच. आणि मीही. तुमचं मुलाखतीचं मात्र शब्दन् शब्द खरं आहे.

हिशेबनीस:
नियम बदलतात हा मुद्दा मागेमागे यांनी बरोबर आणला. नेदरलँड्समध्ये बाहेरून आलेल्या कुशल कामगाराच्या पगाराचा ३० टक्के भाग करमुक्त ठेवायची सवलत आहे. आधी ती आठ वर्षं मिळायची, २०१९ पासून पाच केली, आणि आधीच येऊन राहिलेल्यांनाही थोड्या सवडीनंतर तेच लागू झालं. लोकांनी आठ वर्षांच्या हिशेबाने घरांची कर्जं घेतली होती. २०२७ पासून ३० चे २७ टक्के होणार आहेत. म्हणून माझं म्हणणं, सवलत वजा करून जो पगार उरतो त्यात घर चालत असेल तरच जा.

पैलतीर:
आई-वडिलांबद्दल अजून कोणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटतं. मध्यरात्री फोन येतो आणि पहिला विचार मनात येतो तो पासपोर्टचा, कारण तो व्हिसाच्या नूतनीकरणासाठी जमा असतो. मी वेळेत पोहोचू शकलो नाही. यावर मला वाद घालायचा नाही.

वळणवाट:
पैलतीर, यावर वाद नाहीच.

झेप, जर्मनीतला कायमचा परवाना लवकर मिळतो हे मान्य. पण ते २१ महिने काढायचे असतात त्याच तात्पुरत्या परवान्यावर, आणि मी त्याच काळाबद्दल बोलतोय. त्याआधीच परतावं लागलं तर? युरोपाबाहेर परतणाऱ्या बहुतेकांना पेन्शनची कपात परत मागायला २४ महिने थांबावं लागतं, आणि मिळतो तो फक्त स्वतःचा हिस्सा, मालकाचा नाही. जपानमध्ये उलट, देश सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला नाही तर एकरकमी परतावा बुडतो. हे माहीत असणाऱ्याला तुम्ही भित्रा म्हणणार असाल तर खुशाल म्हणा.

झेप:
भित्रे हा शब्द जरा जास्त झाला, ठीक आहे. पण वळणवाट, तुम्ही स्वतः दोनदा गेलात, अनुभव घेतलात, आणि आता नवीन माणसाला कागदांचा डोंगर दाखवताय. डोंगर बघून तो बसला तर जबाबदार कोण?

नवखा:
तो नवीन माणूस मीच. जर्मनीतली ऑफर आहे, स्थानिक करार, या शुक्रवारी उत्तर द्यायचंय. बायको फिजिओथेरपिस्ट आहे. कंपनीचा एचआर म्हणतो, तिला काम करता येईल.

झेप:
नवखा, जा. पण मुदत आठवडाभर वाढवून मागा. मागितली तर देतात.

रातराणी:
‘काम करता येईल’ म्हणजे कुठलं, हे एचआरला लेखी विचारा. जर्मनीत फिजिओथेरपी हा नियंत्रित व्यवसाय आहे. तिच्या पदवीची त्या राज्याच्या कार्यालयाकडून मान्यता घ्यावी लागेल, अभ्यासक्रमात फरक निघाला तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा, आणि जर्मन साधारण बी२ पातळीचं. अर्ज तिने आत्ताच, इथूनच सुरू करावा. भाषेच्या क्लासची फी आणि मान्यतेचा खर्च करारात घालून मागा, सही व्हायच्या आधी. नंतर कोणी देत नाही. आणि हा धागा तिला स्वतःला वाचायला द्या.