'उत्क्रांती'तला 'उत्' कुठे चढतो?

रानभूल: लेक एम.एस्सी.ला उत्क्रांती आणि जैवविविधता शिकतेय. एका मराठी मासिकासाठी देवगांडुळावर टिपण लिहीत होती. दिसायला गांडूळ, पण गोत बेडकाचं. पूर्वजांना पाय होते, जमिनीत राहता राहता ते गेले. बऱ्याच जातींचे डोळेही कातडीखाली झाकले गेलेत. तिनं लिहिलं, 'पायांची अवनती झाली.' म्हटलं, अगं, हीच तर उत्क्रांती! तर म्हणते, "मग 'उत्' कशाला? पाय गेले म्हणजे वर गेले का?" मी गप्प.

जुनी पोथी: 'उत्' म्हणजे वर, तसं बाहेरही. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे जिवानं देह सोडून निघणं. ब्रह्मसूत्रांत 'उत्क्रान्तिगत्यागतीनाम्' असं सूत्रच आहे. मरणाचा शब्द जीवशास्त्रानं उचलला! त्यात पोटात 'क्रांती', म्हणजे एका रात्रीत सगळं उलटंपालटं झाल्याचा भास.

रानभूल: मग इतर भाषांत काय?

तिरपांगडा: बंगालीत 'विवर्तन'. फिरत, पालटत जाणं. इंग्रजी 'इव्होल्यूशन'चा मूळ लॅटिन शब्दही गुंडाळी उलगडण्याचाच. 'विवर्तन' चपखल बसला असता, पण आपल्याकडे तो भौतिकीवाल्यांनी प्रकाशाच्या कडेनं वळण्यासाठी आधीच पळवलाय. हिंदीतला 'क्रमविकास' नकोच. विकास म्हटलं की डोळ्यांपुढे उड्डाणपूल येतो. खुद्द डार्विननं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८५९च्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' हे नाम वापरलेलं नाही. पुस्तकाचा अगदी शेवटचा शब्द तेवढा त्या क्रियापदाचं रूप आहे. नाम आलं १८७२च्या सहाव्या आवृत्तीत.

खडूफळा: दहावीला 'आनुवंशिकता व उत्क्रांती' शिकवते. शब्द राहू द्या हो, रुळलाय. घोळ 'उत्क्रांत झाला' या क्रियापदात आहे, बढती मिळाल्यासारखा. मुलं लगेच माकड ते माणूस अशी शिडी काढतात. मी झाड काढायला लावते आणि 'फांदी फुटली' लिहून घेते. 'अवनती'वर मात्र माझी लाल शाई. बिळात शिरताना पाय आड येत असतील, तर आखूड पायांच्यांची पिल्लं जास्त जगली, इतकंच. यात चढ कुठला नि उतार कुठला?

रानभूल: ताई, लेकीला दाखवलं. 'अवनती' खोडून तिनं 'पाय लोप पावले' केलं. 'उत्क्रांती' तशीच आहे. संपादकांनी ती मथळ्यातच घातलीय.