स्लॉपी जो पातळ होतो आणि बन भिजून फाटतो; दाट व भरपेट कसा करावा?

प्रश्न

नमस्कार. गेल्या काही महिन्यांत मी घरी चार-पाच वेळा स्लॉपी जो, म्हणजे टोमॅटोच्या रसात शिजवलेला खिमा बनमध्ये भरून केलेले अमेरिकी सँडविच, करून पाहिला. चौघांपुरता केला तेव्हा तो बरा जमला, पण मागील आठवड्यात बारा माणसांसाठी केला आणि पार बिघडला. खिम्याला इतके पाणी सुटले की तो परतला न जाता उकडला गेला आणि रंगाने राखाडीच राहिला. टोमॅटोचा रस अर्धा तास उकळूनही आळला नाही आणि बनचा खालचा भाग तीन-चार घासांतच भिजून हातात फाटला. चवीलाही सगळे फार गोड लागले. पाहुण्यांनी तक्रार केली नाही, परंतु अनेकांच्या ताटल्यांत भिजलेल्या बनचे तुकडे राहिलेले पाहून मला वाईट वाटले, कारण सर्वांना पोटभर खाता यावे म्हणूनच मी हा पदार्थ निवडला होता.

चौघांसाठी मी ४५० ग्रॅम गोमांसाचा खिमा, एक कांदा, अर्धी हिरवी ढोबळी मिरची, एक कप म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर टोमॅटो केचप, तीन मोठे चमचे ब्राउन शुगर, एक मोठा चमचा वूस्टरशर सॉस (आंबट-खारट इंग्लिश सॉस) आणि एक कप पाणी घेतो. बारा जणांसाठी हे सर्व तिप्पट करून मी एकाच खोल पातेल्यात शिजवले. पाणी सुटणे कसे टाळावे? गोडवा कमी केला तर पदार्थाची मूळ चव जाईल का? रसाला कॉर्नफ्लोअर लावावे का? शिवाय एका पाककृतीत बनच्या आत कोलस्लॉ, म्हणजे ड्रेसिंग लावलेली चिरलेल्या कोबीची कोशिंबीर, भरायला सांगितले होते, तर दुसरीत त्याचा उल्लेखही नव्हता. यांपैकी योग्य काय, हेही कोणी सांगितले तर आभारी राहीन.

उत्तर १

आपल्या प्रमाणात सुधारणेला वाव आहे, पण या वेळी खरा घात खोल पातेल्याने केला. कच्च्या मांसात निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते. ते पाणी भांड्यात साचून राहिले की तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास अडकते, आणि मांसाला खरपूस तपकिरी रंग व खमंगपणा देणारी प्रक्रिया तर साधारण १४० अंशांच्या पुढे जोमाने सुरू होते. ४५० ग्रॅम खिमा पसरट भांड्यात घातला तर सुटलेले पाणी भराभर वाफ होऊन निघून जाते. सव्वा किलोहून अधिक खिमा खोल पातेल्यात रचला तर खालच्या थराचे पाणी वरच्या थराखाली कोंडते आणि मांस स्वतःच्याच पाण्यात उकडते. प्रमाण तिप्पट झाले, पण वाफ निघून जायला लागणारा पृष्ठभाग होता तेवढाच राहिला.

म्हणून बारा जणांसाठी खिमा तीन वेळा वेगवेगळा परतावा. जाड बुडाचे, शक्यतो बिडाचे पसरट भांडे चांगले तापवून त्यात जेमतेम चमचाभर तेल घालावे, खिमा बोटभर जाडीच्या थरात पसरावा आणि तीन-चार मिनिटे त्याला हात लावू नये. हा संयमच सर्वांत अवघड असतो, कारण खिमा दिसला की उलथणे आपोआप फिरू लागते. खालची बाजू गडद तपकिरी झाली की मगच तो उलटावा आणि लाकडी उलथण्याने मोडावा. फार बारीक मोडू नये. वाटाण्याएवढे तुकडे राहिले तर घासाला दम येतो, आणि भुगा केला तर रसात मिसळून त्याचा लगदा होतो. प्रत्येक घाणा बाजूला काढताना सुटलेली चरबी निथळावी आणि कांदा परतण्यापुरती चमचाभरच ठेवावी. खिमा घेताना पंधरा ते वीस टक्के चरबी असलेला घ्यावा. त्याहून कमी चरबीचा खिमा कोरडा व चिवट होतो.

आणखी एक युक्ती मी नेहमी वापरतो. ४५० ग्रॅम खिम्याला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून चोळावा आणि वीस मिनिटे ठेवावा. सोड्यामुळे मांसाची आम्लता घटते, प्रथिने परस्परांना घट्ट आवळत नाहीत, त्यामुळे पाणी कमी सुटते आणि रंगही लवकर येतो. मात्र प्रमाण वाढवू नये, कारण जास्त सोड्याची चव साबणासारखी लागते.

खिमा झाल्यावर त्याच भांड्यात कांदा व ढोबळी मिरची परतावी. भाज्यांना सुटणाऱ्या ओलाव्याने तळाशी चिकटलेला खरपूस थर सुटू लागतो, तो खरवडून घ्यावा, कारण सगळा स्वाद त्यातच असतो. मग ४५० ग्रॅम खिम्यामागे दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट घालून ती विटकरी रंगाची होईपर्यंत दोन मिनिटे परतावी. रसाला दाटपणा हवा तो या पेस्टने आणावा. कॉर्नफ्लोअरने रस चकचकीत व बुळबुळीत होतो, चव बोथट होते, आणि उरलेले मिश्रण गोठवून पुन्हा गरम केले की त्याला पाणी सुटते. पाणी एक कप नको, अर्धा कप पुरते. झाकण न ठेवता मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे आटवावे. भांड्याच्या तळावरून उलथणे ओढल्यावर पडलेली वाट दोन-तीन क्षण तशीच उघडी राहिली, तर मिश्रण बनमध्ये भरण्याजोगे झाले असे समजावे. रस लगेच धावून आला, तर अजून थांबावे.

उत्तर २

पहिल्या उत्तराशी मी सहमत आहे. मला गोडव्याविषयी लिहायचे आहे, कारण माझ्या मते या पदार्थाची सर्वाधिक हानी त्यानेच होते.

सामान्य केचपच्या १७ ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर असते. आपला एक कप म्हणजे असे सोळा चमचे, म्हणजे केचपमधूनच ६० ग्रॅमहून अधिक साखर आली. त्यावर तीन मोठे चमचे ब्राउन शुगर दाबून भरली असेल तर ती आणखी ४० ग्रॅमच्या आसपास होते. चार बनमागे १०० ग्रॅम साखर, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २५ ग्रॅम! एवढ्या साखरेपुढे मांसाची चव टिकूच शकत नाही. केचप पाव कपावर आणावा, उरलेल्याऐवजी एक कप साधा, बिनसाखरेचा टोमॅटो सॉस किंवा टोमॅटोचा गाळलेला गर घ्यावा, आणि ब्राउन शुगर एक मोठा चमचाच, तीही शेवटच्या पाच मिनिटांत घालावी. साखर आधीपासून असली की आटताना मिश्रण तळाला लागते.

मूळ चव जाईल का, हा आपला प्रश्न रास्त आहे. स्लॉपी जोची चव गोड, आंबट, खारट आणि खमंग यांच्या मेळातून येते. त्यात गोडवा हवाच, पण त्याच्याशी झुंजणारे काहीतरी हवे. त्यासाठी एक छोटा चमचा पिवळी मोहरीची पेस्ट, अमेरिकी पद्धतीची चिली पावडर, म्हणजे मिरचीत जिरे, ओरेगानो व लसूण मिसळलेला मसाला, आणि उतरवताना एक-दोन छोटे चमचे सफरचंदाचे व्हिनेगर घालावे. व्हिनेगर आधी घातले तर त्याचा तीव्र वास उकळताना उडून जातो. शेवटी घातले तर सगळी चव उजळते.

अमेरिकेच्या आयोवा राज्यात सुट्या खिम्याचे सँडविच १९२० च्या दशकापासून विकले जात आहे. १९२६ मध्ये तेथील मस्कटीन गावात सुरू झालेले मेड-राइट हे त्यातले प्रसिद्ध नाव. त्या सँडविचमध्ये टोमॅटोचा रस नसतोच. वाफाळता, मीठ-मसाला लावलेला खिमा, कांदा, लोणच्यातील काकडी आणि मोहरी एवढ्यावर ते उभे असते. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की रस घालण्यापूर्वी आपला परतलेला खिमा चमचाभर चाखून पाहावा. तो नुसता खावासा वाटला तरच पुढचा पदार्थ चांगला होतो, आणि मीठही त्याच वेळी तपासता येते. हंट्स या अमेरिकी ब्रँडने स्लॉपी जोसाठी मॅनविच हा डबाबंद सॉस १९६९ मध्ये बाजारात आणला. अनेकांच्या मनात स्लॉपी जोची चव म्हणजे त्या डब्याची चव असते, पण घरी करताना तिची नक्कल करण्याचे बंधन आपल्यावर नाही.

कोलस्लॉचा गोंधळही समजण्यासारखा आहे. न्यू जर्सी राज्यात स्लॉपी जो याच नावाने एक निराळेच सँडविच मिळते. राय ब्रेडचे तीन काप, मध्ये थंड मांसाचे पातळ काप, चीज, कोलस्लॉ आणि रशियन ड्रेसिंग (मेयोनीज व केचपचे मिश्रण) अशी त्याची रचना असते. आपल्या हाती आलेल्या पाककृतीवर त्याची छाया पडली असावी. गरम खिम्याच्या बनमध्ये कोलस्लॉ चालतो, नव्हे, त्याचा थंड कुरकुरीतपणा फार छान लागतो. मात्र कोबीला मीठ लावून अर्धा तास ठेवावे, घट्ट पिळावे आणि मगच ड्रेसिंग लावावे. अन्यथा खिम्याचे पाणी आटवण्यासाठी घेतलेले सारे कष्ट कोबीच्या पाण्यात वाहून जातील.

उत्तर ३

माझ्या घरी मांस शिजत नाही, तरी स्लॉपी जो महिन्यातून एकदा होतोच, म्हणून बारा पाहुण्यांत कोणी शाकाहारी असल्यास उपयोगी पडेल असे थोडे लिहिते. सालासकट अख्खे तपकिरी किंवा हिरवे मसूर घ्यावेत. सोललेल्या लाल मसुराची पेज होते. चौघांसाठी २०० ग्रॅम कोरडे मसूर पुरतात. ते साध्या पाण्यात पूर्ण शिजवून, निथळून, मगच टोमॅटोच्या रसात घालावेत, कारण आंबट रसात मसूर मऊ व्हायला फार वेळ लागतो. मांसासारखा चावा येण्यासाठी मी बारीक चिरलेले मश्रूम मोठ्या आचेवर कोरडे होईपर्यंत परतते आणि मूठभर भाजलेले अक्रोड भरड कुटून घालते. वूस्टरशर सॉसमध्ये परंपरेने अँकोव्ही मासे असतात, याची अनेकांना कल्पना नसते. शाकाहारी पाहुण्यांसाठी करताना बाटलीवरील घटक वाचावेत, किंवा सोया सॉसमध्ये थोडे व्हिनेगर मिसळून वापरावे.

प्रश्नकर्त्याचे पुन्हा लेखन

सर्वांचे मनापासून आभार. काल चौघांपुरते प्रमाण घेऊन, वर सांगितल्याप्रमाणे केले. उलथणे ओढल्यावर तळाची वाट उघडी राहिली तो क्षण पाहून मला खरोखर आनंद झाला. चवीतील गोडवा मागे गेला आणि मांसाचा खमंगपणा प्रथमच जाणवला. बन मात्र शेवटच्या दोन घासांत अजूनही ओला झाला. शिवाय पुढच्या महिन्यात पुन्हा बारा जण येणार आहेत, तेव्हा सर्व आदल्या दिवशी करून ठेवता येईल का, आणि लोक मागेपुढे जेवायला बसले तर ते गरम कसे ठेवावे?

उत्तर १ चे पुन्हा लेखन

आधी बनविषयी लिहितो. हलका, जाळीदार बन रस लगेच शोषतो. बटाट्याचा बन किंवा ब्रिओश (लोणी व अंडी घातलेला फ्रेंच पाव) थोडा दाट असतो आणि मऊ राहूनही भार पेलतो. बनच्या दोन्ही आतल्या बाजूंना अगदी कडेपर्यंत लोणी लावून त्या गरम तव्यावर सोनेरी, कडक होईपर्यंत शेकाव्यात. बहुतेक जण मध्यभागी लोणी लावून कडा कोऱ्या सोडतात, आणि बन भिजायला सुरुवात नेमकी कडेपासून होते. चीज घालायचे असेल तर त्याचा काप खिम्यावर न ठेवता खालच्या बनवर ठेवावा. तो वितळून रस अडवतो. गॅस बंद केल्यावर मिश्रण दहा मिनिटे उघडे ठेवावे, म्हणजे ते थोडे निवून आणखी घट्ट होते. बन आधी भरून ठेवू नयेत. मिश्रण एका भांड्यात, शेकलेले बन दुसऱ्यात ठेवावेत आणि ज्याने त्याने खाण्याच्या क्षणी भरून घ्यावे. एका बनला सुमारे १२० मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप मिश्रण पुरते. भरपेट हवे म्हणून बन फार भरण्यापेक्षा प्रत्येकी दीड बनचा हिशोब धरावा.

आदल्या दिवशी अवश्य करावे, उलट मुरल्याने चव सुधारतेच. अमेरिकी कृषी खात्याच्या सूचनेप्रमाणे गोमांसाचा खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला पोहोचला पाहिजे, आणि टर्की किंवा कोंबडीचा असेल तर ७४ अंशांना. शिजल्यावर दोन तासांच्या आत मिश्रण उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. खोल पातेले तसेच आत ठेवले तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, आणि जंतू वाढण्याचा धोका त्याच अवस्थेत असतो. फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस राहते. वाढण्याच्या दिवशी ते पसरट भांड्यात ७४ अंशांपर्यंत पुन्हा तापवावे. थंड झाल्यावर ते फारच घट्ट दिसेल, पण लगेच पाणी घालू नये. आधी पूर्ण गरम होऊ द्यावे आणि मगच लागले तर एक-दोन चमचे घालावे. व्हिनेगरही आदल्या दिवशी न घालता या वेळी घालावे.

लोक मागेपुढे बसणार असतील तर तापवलेले मिश्रण स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) ‘वॉर्म’ या खुणेवर ठेवता येते. ते ६० अंशांच्या खाली जाऊ नये, एवढे थर्मामीटरने अधूनमधून पाहावे. झाकणावर साचलेले वाफेचे पाणी परत मिश्रणात गळते, म्हणून झाकणाखाली स्वच्छ सुती कापड ताणून बसवावे. कापडाची टोके गुंडाळून झाकणावर घ्यावीत, म्हणजे ती गरम भांड्याच्या बाजूला लोंबकळणार नाहीत.